ग्रास कटर : दुरुस्ती की नवी खरेदी?

पावसाळा सरता सरता आंबा-काजूच्या बागेतील गवत काढायचे असते आणि नेमका ग्रास कटर सुरू होत नाही. अशा वेळी लगेच नव्या यंत्राच्या मागे लागू नका. मागील हंगामातील पेट्रोल टाकीत राहिल्यास त्याचा चिकट थर कार्बुरेटरमध्ये बसतो. जुने इंधन काढावे, प्लग व एअर फिल्टर साफ करावा, कार्बुरेटर धुऊन घ्यावा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागते.

मात्र दोरी ओढताना हाताला नेहमीचा जोर लागत नसेल, तर यंत्र थंड असताना सायलेन्सर सोडून आतील पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे असल्यास टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल कमी पडले असे बहुधा समजावे. येथे नुसती रिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात! पिस्टनबरोबर सहसा सिलिंडरही बदलावा लागतो. मजुरीसह हा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, सुटे भाग तालुक्याला मिळत नसतील किंवा क्रँकचे बेअरिंगही खिळखिळे झाले असेल, तर नवे यंत्र घेणे परवडते.

नव्या यंत्रात ऑइल अंदाजाने ओतू नये, पुस्तिका पाहावी. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली.