सवाल विचारणारा पत्रकार

मेक्सिकोत सरकारला न रुचणाऱ्या बातमीला कात्री लागली, तेव्हा होर्हे रामोस यांनी नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये अमेरिका गाठली. १९८६ पासून २०२४ पर्यंत युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीवरून त्यांनी लाखो स्थलांतरितांना त्यांच्याच भाषेत बातम्या दिल्या.

२०१५ मध्ये आयोवातील पत्रकार परिषदेत स्थलांतरितांविषयी सवाल करताच ट्रम्प यांनी त्यांना बाहेर काढायला लावले. ‘माझ्या देशातून चालता हो,’ असे तिथे एकाने सुनावले. आपणही अमेरिकेचेच नागरिक आहोत, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पुन्हा आत बोलावल्यावर त्यांनी तोच विषय लावून धरला.

असे टोमणे आपल्यालाही नवे नाहीत. साक्ष लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी पत्रकारितेत उतरावे, असे आम्हाला मनापासून वाटते.