बोटातून आरपार

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा तो चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, नेमकं काय करतो हे समजल्यावर मी थक्क झालो. त्यात दोन दिवे असतात: एकाचा प्रकाश तांबडा, दुसऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, रिकामं हिमोग्लोबिन तांबडा. बोटापलीकडे कोणता किती पोहोचला, त्यावरून रक्तातल्या प्राणवायूच्या टक्केवारीचा हिशेब लागतो.

पण बोटात कातडी, हाड, नीलांमधलं रक्तही असतंच. नेमकं रोहिणीतलं रक्त ओळखायचं कसं? जपानी अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त फेकतं ते मोजू पाहत होते. नाडीमुळे आलेख सारखा थरथरायचा. ती थरथर घालवायच्या खटाटोपात त्यांच्या ध्यानात आलं, की ठोक्यागणिक हलतं ते रोहिणीतलंच रक्त. अडचण होती तीच खूण ठरली! १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. एप्रिल २०२० मध्ये, घरोघरी लोक त्या आकड्याकडे डोळे लावून बसले असताना, ते वारले.

धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावर. कोविडमध्ये तो बराच काळ बाहेर पडत राहतो आणि प्राणवायू मात्र घसरतो. माणूस बोलत-चालत असतो, जेवतही असतो; धोका कळतच नाही. म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, हा चिमटा घेऊन दारोदार गेल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. दवाखाना लांब, गाडीभाड्याला पैसे नाहीत, अशा घरात तो आकडा उंबऱ्यावर आला. मोजताना पथ्य एवढंच: बोट गार असेल तर आधी तळवे चोळायचे, नखाला रंग नको.

आता दुखरी बाब. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं, की यंत्र ९२ ते ९६ सांगत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी असल्याचं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत आढळलं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं आणि यंत्राची जुळणी बहुतांशी उजळ कातडीवर झालेली. आकडा बरा दिसला की दवाखान्यात खाट मिळत नसे. भेदभाव असा दिव्याच्या आतही शिरतो.

म्हणूनच त्या काळातली सहा मिनिटं चालण्याची चाचणी मला विलक्षण वाटते. आकडा बघायचा, अंगणात चालायचं, पुन्हा बघायचा. कातडी दोन्ही वेळा तीच, त्यामुळे माणसाची तुलना त्याच्याशीच होते आणि घसरण बरीचशी पकडली जाते. शिवाय रोज पाण्याला जाणारी आजी आज खाटेवरून उठलेली नाही, हे गावातल्याच आशाताईला कळतं. ते कुठल्याच दिव्याला दिसत नाही. तरीही तेव्हा तिला ठरलेला पगार नव्हता, बराचसा मोबदला कामागणिक. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताईंना वाढीव मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं.