दहा तासांचं घड्याळ

मुलांनो, तुमच्या घरातल्या घड्याळावर आकडे किती? बारा! पण एका सिनेमात चक्क दहाच आकड्यांचं घड्याळ आहे. कारण तिथल्या कामगारांची पाळीच दहा तासांची!

सिनेमाचं नाव 'मेट्रोपोलिस'. १९२७ साली तो जर्मनीत पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. कथा लिहिली त्यांच्या पत्नीनं, थिआ फॉन हार्बू यांनी. गंमत म्हणजे, पुढे याच थिआबाईंनी बेळगावजवळच्या बेळगुंदी गावच्या अयी तेंडुलकरांशी लग्न केलं!

सिनेमा मूक आहे. गोष्ट भविष्यातल्या एका शहराची. वर उंच इमारती, बागा, श्रीमंतांची खेळणारी मुलं. जमिनीखाली यंत्रं, आणि त्यांच्याही खाली कामगारांची घरं. मालकाचा मुलगा फ्रेडर एकदा खाली उतरतो आणि थकलेल्या कामगाराची जागा घेतो. यंत्राचे काटे फिरवता फिरवता त्याचे हात गळून जातात. मग एक यंत्रमानव येतो, कामगारांना भडकवतो. यंत्रं मोडतात, खालच्या वस्तीत पाणी शिरतं, मुलं अडकतात. फ्रेडर आणि मारिया त्यांना वाचवतात. शेवटी मालक आणि कामगार हातात हात घेतात.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते. वर्गात या सिनेमाचे काही भाग दाखवले. पूर आला तेव्हा सगळे चिडीचूप. सिनेमा संपल्यावर चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, मग त्यांचे दहा तास कमी झाले का?"

मला उत्तर देता येईना. सिनेमात ते सांगितलेलंच नाही! खुद्द लांग यांनाही पुढे हा शेवट पटेनासा झाला होता.

हा प्रश्न त्याला का पडला, ठाऊक आहे? आमच्याकडे भात कापून झालं, दिवाळी सरली की पाडेच्या पाडे 'जगायला' जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. आधीच घेतलेली उचल फेडायची असते. आईबापांबरोबर मुलंही जातात. शहरातल्या इमारती उभ्या राहतात आणि आमच्या वर्गातल्या जागा रिकाम्या होतात.

पाण्याचंही तेच. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी जातं मुंबईला. उन्हाळ्यात मात्र इथल्या कितीतरी पाड्यांवर विहिरी आटतात, आयाबाया डोक्यावर हंडे घेऊन लांब चालतात, टँकरची वाट बघतात.

मुंबईच्या मुलांचा यात दोष नाही. फ्रेडरचाही नव्हता. पण तो खाली उतरला, त्यानं पाहिलं. आणि नुसतं पाहून भागत नाही, हे आमच्या त्या चौथीतल्या पोरानं ओळखलं.

मग तुम्ही काय कराल? तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल, तर तिथली मुलं शाळेत जातात का, हे आईबाबांना बघायला सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला जवळच्या शाळेत वर्षात केव्हाही प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून शाळा नाही म्हणू शकत नाही.

तो मुलगा दिवाळीनंतर भट्टीवर गेला. त्याची वही माझ्याकडे आहे. तो तुमच्या शाळेच्या दारात आला, तर त्याला तुमच्या बाकावर जागा द्याल ना?