कार्डाचा पूर्वेतिहास

जुन्या सुट्या भागांतून कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की दिल्लीत पाय नेहरू प्लेसकडे वळतात. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसं इथल्या लोकांना हे संकुल. २०१० मध्ये मेट्रो आली आणि गर्दी आणखी वाढली. गुडगाव-नोएडातल्या कंपन्या आपली यंत्रं बदलतात तेव्हा डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क यांचे लॉटच्या लॉट इथं उतरतात. त्यातलं एक उचलायचं, रॅम वाढवायची, एसएसडी टाकायची. इथवर सगळं सुरळीत चालतं. घोडं अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. इथल्या भाषेत तक्रार एकच: ‘डिस्प्ले नहीं आ रहा.’

रीतीप्रमाणे थोडा इतिहास सांगायला हवा. एनव्हिडियानं १९९९ मध्ये जीफोर्स २५६ बाजारात आणलं, ‘जीपीयू’ हा शब्द रुळवला, मग एटीआय ही दुसरी कार्ड कंपनी एएमडीकडे गेली आणि तेव्हापासून मुख्य लढत या दोघांचीच. झालं. आता कामाचं बोलू.

डिस्प्ले आला नाही की आपण लगेच कार्डाला शिव्या घालतो. मी आधी पॉवर सप्लायकडे बघतो. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त भूक असेल तर सहा पिनांची तार आणखी ७५ देते आणि आठ पिनांची १५०. ऑफिसातून आलेल्या ऑप्टिप्लेक्सच्या सप्लायला बहुतेक वेळा या ताराच नसतात. मग दुकानदार साटाच्या तारेवरून जोड काढून देतो. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर कसाबसा ५४ वॅट झेपवतो. त्यावर गेम चालवला की प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. असा जोड फुकट मिळाला तरी घेऊ नये. अशा डब्यात जादा तार न लागणारं जीटीएक्स १०५० टीआय बरं. दुसरी गोष्ट, प्रोसेसर. इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल किंवा ग्राफिक्सविना आलेला जुना झिऑन असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं आणि मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये केबल खुपसून काहीही दिसणार नाही. कार्ड फारच जुनं असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयवर चालत असेल, तरीही पडदा काळाच. हे सगळं तपासून, सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसून, कार्ड पुन्हा बसवलं की बरीच ‘मेलेली’ कार्डं उठून बसतात.

मात्र माझा खरा जीव अडकलाय तो कार्डावरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये. तिच्यात कार्डाचं बायॉस असतं. तांदळाच्या चार दाण्यांएवढी ही चिप विंडोजला सांगते की हे कार्ड कोण, त्याचा वेग किती, मेमरीशी कसं बोलायचं. ती खोटं बोलली तर सगळंच खोटं. जीटीएस ४५० सारखं २०१० चं कार्ड, १९२ कोअरचं, त्याला नवं बायॉस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेलं मी पाहिलंय. खऱ्या १०५० टीआयला ७६८ कोअर असतात. ड्रायव्हर टाकला की पडदा काळा होतो आणि गिऱ्हाईक ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत बसतं. ओळखायची खूण सोपी आहे: मागे निळं व्हीजीए पोर्ट असेल तर संशय घ्यावा, कारण १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर २०१८ पासून अशा एनव्हिडिया कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असं चक्क लिहून दाखवतं. एएमडीकडचा घोळ जरा सभ्य आहे. आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. चीनसाठी निघालेल्या ‘२०४८एसपी’मध्ये नावाप्रमाणेच २०४८. हे कार्ड मुळात ५७०च, पण काउंटरवर शेपूट गाळून ५८० म्हणूनच विकलं जातं.

आणि मग मायनिंग. इथेरियम या क्रिप्टो चलनानं १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगची पद्धतच सोडली आणि जगभरच्या शेडांतली कार्डं बाजारात ओतली गेली. ४ जीबीची कार्डं त्याआधीच, २०२० च्या अखेरीस बाद झाली होती, कारण इथेरियमची फाइल त्यांच्या मेमरीत मावेना. दुकानदाराला विचारा, तो शपथेवर सांगेल, ‘माइनिंग का नहीं है, भाई साहब.’ माझं मत विचाराल तर मायनिंगचं कार्ड म्हणजे लगेच विष नव्हे. एकाच तापमानावर चाललेली चिप रोज तापून गार होणाऱ्या चिपपेक्षा कमी झिजते. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. खरी गोम बायॉसमध्येच. मायनर लोक मेमरी पळवण्यासाठी तिचं टायमिंग बदलतात. त्यामुळे बायॉसची सही जुळत नाही, एएमडीचा ड्रायव्हर कार्ड नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ झळकतो. उपाय म्हणजे मूळ बायॉस परत चढवणं. पण आधी जीपीयू-झेडमध्ये मेमरी सॅमसंगची, हायनिक्सची की मायक्रॉनची ते बघायचं. भलत्याच मेमरीचं बायॉस चढवलं तर पडद्यावर रंगीत चौकड्या. काही कार्डांच्या कडेला दोन बायॉसमधला इवलासा स्विच असतो. तो सरकवून बघितल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

चौकड्या कधी दिसतात त्यावरून रोग कळतो. बायॉसच्या पडद्यावरच दिसल्या तर मेमरी किंवा चिप गेली. विंडोजपर्यंत ठीक आणि ड्रायव्हर टाकल्यावर गडबड, तर डीडीयू हे सॉफ्टवेअर वापरून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि बायॉस तपासा. फक्त गेममध्ये, दहा मिनिटांनी, तर उष्णता. मे महिन्यात ४५ अंशांच्या दिल्लीत ही तक्रार घरोघरी. पूर्ण मशीनच बंद पडत असेल तर पुन्हा पॉवर सप्लाय.

काही दुकानांत हॉट एअर गन घेऊन बसलेला कारागीर ‘रिबॉल कर देंगे’ म्हणतो. त्याचं कसब बघायला मी तासन्‌तास उभा राहतो. फ्लक्सचा धूर, चिमट्यानं अलगद उचललेली चिप, जाळीवर एकेक करून बसणारे शिशाचे गोळे. पण बऱ्याचदा दोष त्या गोळ्यांत नसतो, चिपच्या पोटातल्या बारीक जोडांत असतो. असल्याच दोषापायी २००८ मध्ये एनव्हिडियानं १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. अशा चिपला उष्णता दिली की ती तात्पुरती जागी होते, ओव्हनमध्ये भाजलेली कार्डं चालतात ती याचमुळे, आणि ‘टेस्टिंग वॉरंटी’ संपली की पुन्हा झोपते.

दिवाळीत मुलांसाठी मशीन जुळवायचं असेल तर रविवार सोडून जा, बाजार बंद असतो. पैसे देण्याआधी दुकानातच जीपीयू-झेड उघडून घ्या, फरमार्क ही कार्डाची चाचणी पंधरा मिनिटं चालवा, बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. एवढं करू न देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.