स्पीडबोटीचा धक्का आणि पाठीचा कणा

खांदेश्वरहून लोकल पकडली की मानसरोवर, खारघर आणि तिसरे स्थानक बेलापूर. तिथून खाडीकिनारी जेट्टी आहे. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई ते नवी मुंबई जल टॅक्सीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून पनवेल-कामोठे भागातल्या प्रवाशांनाही पाण्यावरच्या वाटेचे आकर्षण वाटू लागले. गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला जाताना अनेकांनी वेगवान बोटीचा अनुभव घेतलेला असतो. लाँचमध्ये बसलेला माणूस झोके घेतो. स्पीडबोटीत मात्र तो आपटतो. हा फरक केवळ वेगाचा नाही. बोटीच्या तळाचा आकार आणि तिचे नाक किती वर उचलले आहे, यावर तो बराचसा अवलंबून असतो.

साधी लाँच किंवा मासेमारीची होडी पाणी बाजूला सारत चालते. तिच्याभोवती तिचीच एक लाट तयार होते आणि ती लाट ओलांडणे तिला जड जाते. अशा बोटीचा सोयीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्यालगतची लांबी २५ फूट असेल, तर तो साधारण पावणेसात नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर भरतो. त्यापुढे इंजिन कितीही ओढले तरी इंधन जळते, वेग फारसा वाढत नाही.

स्पीडबोट हा उंबरठा वेगळ्या युक्तीने ओलांडते. तिचा तळ असा घडवलेला असतो की वेग वाढताच खालचे पाणी तिला वर उचलते. आधी नाळ, म्हणजे पुढचे टोक, आकाशाकडे जाते, मागचा भाग खाली बसतो आणि चालकाला समोरचे काही क्षण नीट दिसत नाही. मग बोट सपाट होते आणि पाण्यावरून घसरू लागते. चपटा दगड तळ्यावर फेकला की टप्पे घेत जातो, तसाच हा प्रकार. या घसरणाऱ्या तळांचे गणित डॅनियल सविट्स्की या अमेरिकी अभियंत्याने १९६४ मध्ये मांडले आणि बोटी आखणारे आजही ते वापरतात.

तळ सपाट असेल तर बोट चटकन वर येते आणि इंधन कमी लागते. पण प्रत्येक लाट थपडेसारखी बसते. तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल असेल, तर तो लाट कापतो आणि धक्का सौम्य होतो. मात्र वर यायला जास्त ताकद लागते. १९६० च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ तळाच्या ‘मॉपी’ने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि हा आकार जगभर पसरला.

आता ‘ट्रिम’कडे येऊ. चालत्या बोटीचे नाक किती अंशांनी वर आहे, तो कोन म्हणजे ट्रिम. घसरणाऱ्या बोटीला साधारण तीन ते पाच अंश मानवतात. नाक फार वर गेले तर लाट कापणारा पुढचा धारदार भाग हवेत राहतो आणि मागचा पसरट तळ लाटेवर आदळतो. काही वेळा बोट डॉल्फिनसारखी वरखाली उसळत राहते. नाक फार खाली असेल तर ते लाटेत घुसते, तुषार अंगावर येतात आणि सुकाणू नीट मानत नाही.

मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन थोडे तिरके करून हा कोन बदलता येतो. इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असेल आणि सरळ दांडा तळातून बाहेर पडून पंखा फिरवत असेल, तर पंख्याच्या जोराची दिशा पक्की ठरलेली असते. अशा इनबोर्ड बोटींच्या मागच्या कडेला दोन पट्ट्या बसवतात, त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. पट्टी खाली केली की पाणी तिच्यावर दाब देते, मागचा भाग उचलला जातो आणि नाक खाली येते. एकाच बाजूची पट्टी वापरून कललेली बोट सरळही करता येते. प्रवासी एका बाजूला गर्दी करून बसले, तर ही सोय कामी येते. लाटा समोरून येत असतील तर चालक नाक थोडे खाली घेतो. लाटा मागून येत असतील तर पट्ट्या वर घ्याव्या लागतात, नाहीतर नाक पुढच्या लाटेत रुतून बोट आडवी फिरू शकते.

या साऱ्याचा आपल्या पाठीशी थेट संबंध आहे. बोट लाटेवरून खाली पडते तेव्हा प्रवासी क्षणभर आसनावरून सुटतो. तो खाली येत असतानाच बोट पाण्यावर आपटते आणि आसन वर येऊन त्याला भेटते. तो सगळा भार सरळ कण्यातून जातो. छातीचा कणा संपून कमरेचा सुरू होतो तिथले मणके दबून मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्यांतले अनेक प्रवासी बोटीच्या पुढच्या भागात बसलेले होते. बोट मागच्या भागाभोवती झुलते, त्यामुळे पुढच्या आसनाची उसळी सगळ्यात मोठी असते. देखावा छान दिसतो म्हणून आपण धडपडून पकडतो ती नेमकी हीच जागा.

म्हणून वयस्कर माणसे, हाडे ठिसूळ झालेल्या महिला, पाठीचे दुखणे किंवा शस्त्रक्रिया झालेले यांनी शक्यतो लाँचच निवडावी. गर्भवतींनी वेगवान बोट टाळावी. स्पीडबोटीत बसायचेच तर मागे बसा. पाय जमिनीवर टेकवून हाताने घट्ट धरा, पाठ वाकवून किंवा वळून बसू नका. लहान मुलाला मांडीवर घेणे सुरक्षित नाही, धक्क्यात ते हातातून निसटते. बोट आपटू लागली तर तांडेलाला वेग कमी करायला सांगा, त्यात संकोच नको. वेग निम्मा केला तर बोटीची गतिज ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. आपटल्यानंतर कमरेत तीव्र कळ आली, पायात मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर चोळत-शेकत न बसता रुग्णाला आडवे ठेवून रुग्णालयात न्या.

लाइफ जॅकेटबद्दल वेगळे सांगायला हवे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी समोरून काय येणार हे कोणत्याही प्रवाशाच्या हातात नव्हते. जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळणे मात्र आपल्या हातात असते. ते आसनाखाली ठेवलेले असून चालत नाही, बोट धक्क्यावरून सुटण्याआधी अंगावर हवे.