तीन वयांची मुले, एक शहर आणि चार दिवस

नाताळच्या सुट्टीचे दिवस जवळ आले की साताऱ्यापासून जळगावपर्यंत अनेक घरांत मुंबईचा विषय निघतो. रात्रीच्या जेवणानंतर कागद-पेन्सिल घेऊन यादी तयार होते : गेटवे, घारापुरी, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, विज्ञान केंद्र, चौपाटी. ही यादी शहराकडे पाहून केलेली असते. घरात मात्र चार वर्षांची धाकटी, नऊ वर्षांचा मधला आणि चौदा वर्षांची थोरली अशी तीन निरनिराळ्या वयांची मुले असतात. मग दुसऱ्याच दिवशी भर दुपारी धाकटी रस्त्यात बसकण मारते, मधल्याच्या पोटात कावळे ओरडू लागतात, थोरली मोबाइलमध्ये डोके घालून अबोल होते आणि आईवडिलांचा परस्परांशी खटका उडतो. सहल आनंदासाठी काढलेली असते. पण घरी परततो तो शिणलेला आणि काहीसा रुसलेला परिवार.

यात दोष शहराचा नसतो, मुलांचा तर नसतोच. सर्वांनी सर्व काही एकत्रच पाहिले पाहिजे, हा आपला आग्रह त्याच्या मुळाशी असतो. भिन्न वयाच्या मुलांसह शहर पाहायचे असेल तर दिवसाचा काही भाग वेगळे होणे आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र येणे, ही सहलीची रचनाच मानावी लागते. दिवसाची चाल धाकट्याच्या शरीराने ठरवावी. दिवसाचा विषय मात्र आळीपाळीने प्रत्येक मुलाने ठरवावा.

वय बदलते तसा दिवस बदलतो

झोपेचाच विचार करू. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा, तर तेरा ते अठरा वयोगटाला आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. शिवाय पौगंडावस्थेत मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे थोरलीला रात्री लवकर झोप न येणे आणि सकाळी सहाला डोळे न उघडणे, हा आळस नसून वयाचा धर्म आहे. धाकटी मात्र पहाटेच टवटवीत असते आणि दुपारी एकच्या सुमारास कोमेजते. एकाच घड्याळावर या दोघींना चालवू पाहणे म्हणजे दोघींशीही भांडण मांडणे होय.

भुकेचेही तसेच. लहान मुलाचे पोट लहान. त्याला दर दोन-अडीच तासांनी थोडे काही लागते आणि भूक लागल्याचे त्याला सांगता येत नाही, ते फक्त चिडते. मधल्या वयाचे मूल उत्साहाच्या भरात भूक, तहान आणि लघवीदेखील विसरते. या वयाला आठवण करून द्यावी लागते.

यावरून एक साधा नियम निघतो. दिवसाला एकच मोठे ठिकाण, तेही सकाळी. दुपारी एक ते चार विश्रांती. संध्याकाळी मोकळी हवा, मोकळी जागा आणि तिकीट काढून पाहावे असे काहीही नाही. चार दिवसांत चार मोठी ठिकाणे पाहून झाली तर ती पुष्कळ झाली.

मुक्काम कोठे करावा

दुपारची विश्रांती पाळायची तर मुक्काम फिरण्याच्या ठिकाणांपासून फार दूर असून चालत नाही. आपल्याकडे मुंबईची सहल बहुधा आत्याच्या किंवा मावशीच्या घरी उतरून होते आणि ते घर पुष्कळदा डोंबिवली, कल्याण अथवा विरारकडे असते. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला लोकलने सुमारे सव्वा तास लागतो. जाऊन येऊन अडीच तास, त्यातही गर्दी. मग दुपारी घरी परतणे अशक्यच होते. नात्यातली माणसे भेटणे हाही सुट्टीचा मोठा आनंद आहे, तो सोडू नये. परंतु शक्य असेल तर दोन रात्री आत्याकडे आणि दोन रात्री दादर किंवा फोर्ट परिसरातील एखाद्या साध्या, स्वच्छ लॉजमध्ये, अशी विभागणी करावी. ते परवडण्यासारखे नसेल तर आत्याकडचा एक संपूर्ण दिवस कोठेही न जाता काढावा.

लोकलचा प्रवास करायचाच असेल तर सकाळी आठ ते अकरा या वेळात दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात उपनगरांकडे जाणे टाळावे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून लहान मुलांसह फिरणे बरेच सुकर झाले आहे. तिच्या स्थानकांवर उद्वाहक आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे आजी सोबत असल्या तरी अडचण पडत नाही.

चार दिवसांचा एक आराखडा

पहिला दिवस पोहोचण्याचा. त्या दिवशी एवढेच करावे : विश्रांतीनंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत समोरच्या पदपथावरून निवांत पाहावी. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी याच परिसरातील बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे मधल्याला सांगावे; गाड्यांचे वेड याच वयात असते. या इमारतीला २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिच्या भिंतींवर कोरलेले प्राणी आणि पक्षी शोधण्याचा खेळ धाकटीलाही खेळता येतो. त्यानंतर चौपाटी आणि लवकर झोप.

दुसरा दिवस वेगळे होण्याचा. आई थोरलीला आणि मधल्याला घेऊन घारापुरीला जाईल. गेटवेहून बोटीने सुमारे तासाभराचा प्रवास, मग लेण्यांपर्यंत जवळजवळ १२० पायऱ्या. चार वर्षांच्या मुलीला हे सगळे कडेवरूनच करावे लागते. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र तेथील तीन मुखांच्या शिवमूर्तीसमोर कोणी घाई न करता उभे राहू दिले, तर ती अनुभूती दीर्घकाळ तिच्या मनात राहील. बोटीत प्रत्येकाने आपल्या मापाचे लाइफ जॅकेट चढवूनच बसावे. बोट भरगच्च भरलेली असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

त्याच सकाळी बाबा धाकटीला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, जातील. तेथे पेंग्विन आहेत, उंच सावलीची झाडे आहेत आणि दमल्यावर बसायला बाके आहेत. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. रात्री जेवताना थोरली सांगेल की बेटाच्या नावात हत्ती आहे, पण बेटावर तो हत्ती नव्हता. आणि धाकटी ठसक्यात सांगेल की तो हत्ती मी पाहिला. दोन ठिकाणी गेलेले कुटुंब अशा वेळी एका गोष्टीत एकत्र येते.

घारापुरीची लेणी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. आराखडा करताना वार आधी पाहावेत. दारावर कुलूप पाहून परतणे मोठ्यांना सोसते, लहानांना नाही.

तिसरा दिवस मधल्याचा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात हात लावून, ढकलून, फिरवून पाहण्यासारखी उपकरणे आहेत. बाहेरच्या विज्ञान उद्यानात धाकटीही रमते आणि भुयारी मेट्रोचे स्थानक जवळच आहे. येथे सगळे एकत्र जाऊ शकतात. संध्याकाळी मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट पाहावा. तो धाकटीचा वाटा.

चौथा दिवस थोरलीचा. तिला जे हवे ते तिने निवडावे. पुस्तकांची दुकाने, एखादे कलादालन अथवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या संग्रहालयाची वास्तू पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्याच आवारात मुलांसाठीचे स्वतंत्र संग्रहालय आहे. एक पालक धाकट्या दोघांसह तेथे थांबला तर थोरलीला मुख्य इमारतीत तास-दीड तास मनाजोगता मिळतो.

खाणे, पाणी आणि औषधांची पिशवी

सहलीतले आजारपण बहुधा पाण्यातून आणि न शिजलेल्या पदार्थांतून येते. समोर गरम तळलेला वडा, तव्यावरचा डोसा, वाफाळती इडली हे पदार्थ तुलनेने सुरक्षित. पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, चिरून ठेवलेली फळे आणि उघड्यावरची चटणी मुलांना देऊ नये. केळी, संत्री अशी आपण स्वतः सोलायची फळे जवळ ठेवावीत. खाण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुण्याचा नियम शहरात अधिक कटाक्षाने पाळावा. प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली वेगळी असावी, म्हणजे कोण किती प्यायले ते कळते.

जुलाब-उलट्या सुरू झाल्यास जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, तत्काळ सुरू करावी. एक लिटरसाठीचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे; थोड्या पाण्यात थोडी पूड असा अंदाज करू नये. चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. तोंड कोरडे पडणे, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे अशी लक्षणे दिसल्यास त्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करून डॉक्टरांकडे जावे.

गाडी किंवा बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांत विशेष दिसतो. निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे, प्रवासात पुस्तक वा मोबाइल देऊ नये आणि दूरच्या क्षितिजाकडे पाहायला सांगावे. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून प्रत्येक मुलाची मात्रा लिहून घ्यावी. दम्याचा पंप सामानाच्या मोठ्या बॅगेत न ठेवता सतत हाताशी असावा.

गर्दीतील सुरक्षितता

रोज सकाळी निघताना तिन्ही मुलांचा एक फोटो काढावा. मूल चुकलेच तर कपड्यांचा रंग आठवत बसावे लागत नाही. धाकटीच्या आतल्या खिशात आईवडिलांच्या फोन क्रमांकांची चिठ्ठी असावी; नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये. मधल्याला क्रमांक तोंडपाठ असावा. ‘आम्ही दिसेनासे झालो तर आहेस तेथेच उभा राहा, आम्ही येऊ, पोलीस किंवा मुलांसोबत असलेली एखादी बाई दिसली तर तिला सांग,’ हे वाक्य घरीच दोन-तीनदा म्हणवून घ्यावे.

लोकल स्थानकावर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. एक मोठे माणूस सर्वांत आधी आणि दुसरे सर्वांत शेवटी चढेल, धाकटी कडेवरच राहील. तरीही ताटातूट झाली तर नियम एकच : जो गाडीत गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबायचे, जो फलाटावर राहिला त्याने जागा सोडायची नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे तिन्ही क्रमांक थोरलीच्याही फोनमध्ये असावेत.

थोरलीचे ओझे आणि आईची सुट्टी

आता थोडे नाजूक विषयाकडे. सहलीत सगळ्यात जास्त सोसते ते बहुधा सर्वांत मोठे मूल. ‘तू मोठी आहेस ना, धर तिला,’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, ते एकदा मोजून पाहावे. थोरलीने धाकटीला सांभाळू नये असे नव्हे. पण तो तिचा समजूतदारपणा आहे, नेमणूक नव्हे. तिने अर्धा तास सांभाळले तर त्याची दखल घ्यावी आणि तिचा स्वतःचा तास तिला बिनशर्त द्यावा. मधल्याची तक्रार वेगळीच असते. तो कशासाठी लहान आणि कशासाठी मोठा, हेच त्याला कळत नाही. त्याला नकाशा वाचण्याचे किंवा तिकिटे सांभाळण्याचे एखादे खरे काम द्यावे.

आणि आई? डबे भरणारी, कपडे धुणारी, औषधे लक्षात ठेवणारी, धाकटीला झोपवणारी आई सुट्टीत नसतेच. तिचे घर फक्त जागा बदलते. वरच्या आराखड्यात धाकटी बाबांकडे दिली आहे, ती याच कारणाने. चार दिवसांतील एक दुपार तरी आईने एकटीने काढावी. झोपून, समुद्राकडे पाहत किंवा मैत्रिणीला भेटून. विसावलेली आई मुलांवर कमी चिडते.

निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात : मला हे पाहायचेच आहे आणि हे नाही पाहिले तरी चालेल. धाकटीनेही सांगावे, आजीनेही सांगावे. मग हवेसे सारे कागदावर ठेवावे आणि ‘चालेल’ म्हटलेले खोडून टाकावे. खोडलेल्या जागी जो रिकामा वेळ उरेल, त्याची भीती बाळगू नये. वाळूत किल्ला, फलाटावरची शेंगदाण्याची पुडी, रात्री दिवे मालवल्यावरच्या गप्पा यांना तोच वेळ लागतो.