परवाना आणि त्यामागची सेवा

व्यापारी माणसाला खरेदी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. माल पाहून घ्यावा, पैसे मोजावे, पावती घ्यावी, की व्यवहार संपला. मागाहून काही बिघडलेच तर दुकानदाराशी भांडावे, एवढीच पुढची पायरी. तराजू, कपाट, लोखंडी तिजोरी या वस्तू अशाच घेतल्या जातात. परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना ही जुनी सवय उपयोगी पडत नाही. ती का पडत नाही, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

सॉफ्टवेअर 'विकत घेतले' असे आपण बोलतो. वस्तुतः आपल्या हाती येतो तो वापरण्याचा परवाना. मालकी तयार करणाऱ्याचीच राहते. इतक्या यंत्रांवर, इतक्या माणसांनी, अमुक अटींवर वापरावे, एवढाच हक्क आपणांकडे येतो. अटींचा तो लांबलचक कागद वाचावयास घेतला, तर माल 'जसा आहे तसा' दिला आहे आणि त्यापायी होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर फारशी नाही, असे त्यात बहुधा आढळते. परवाना कधी वर्षावर्षाच्या भाड्याने मिळतो, कधी कायमचा मिळतो. भाड्याच्या परवान्यात सेवा सामान्यतः भाड्यातच धरलेली असते. खरा घोटाळा होतो तो कायमच्या परवान्यात. 'कायमचा' हा शब्द ऐकला, की पुढे काही द्यावयाचे नाही अशी आपली समजूत होते. आपल्याकडे घरोघरच्या पेढ्यांवर असलेल्या टॅलीचेच पाहा. त्याचा परवाना कायमचा घेता येतो, पण त्यामागची सेवा वर्षाच्या मुदतीची असते. मुदत संपली तरी सॉफ्टवेअर चालू राहते. नव्या सुधारणा तेवढ्या येईनाशा होतात. आणि ते चालू राहते म्हणूनच मालकाला काही गमावले आहे याची जाणीव होत नाही.

सेवा आणि माल यांची ही फारकत जुनी नाही. संगणकाच्या आरंभीच्या काळात यंत्र घेणाराला आज्ञावली आणि ती शिकविणारी माणसे यंत्राबरोबरच मिळत. वेगळी किंमत पडत नसे. १९६९ च्या जूनमध्ये आयबीएमने ही मोट सोडली आणि यंत्र, आज्ञावली व सेवा यांची वेगवेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले. सेवेला स्वतंत्र भाव असतो, हे गिऱ्हाइकाला तेव्हापासून उघड दिसू लागले. तो भाव द्यावा की वाचवावा, हा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला.

येथे एक शंका संभवते. सॉफ्टवेअर काही झिजत नाही, गंजत नाही. दहा वर्षांपूर्वी बरोबर बेरीज करणारी आज्ञावली आजही बरोबरच बेरीज करील. मग तिला देखभाल कसली? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मेयर लेहमन या संशोधकाने १९७४ च्या सुमारास आपल्या नियमांत दिले. त्याचा आशय असा: जी आज्ञावली प्रत्यक्ष व्यवहारात वापरली जाते, तिला सतत नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यावे लागते, तसे न झाल्यास ती उत्तरोत्तर कमी उपयोगी ठरत जाते. म्हणजे आज्ञावली जागच्या जागीच राहते, तिच्या भोवतीचे जग मात्र पुढे सरकते.

हे सरकणे आपल्या व्यापाऱ्यांनी जितके अनुभवले आहे, तितके क्वचितच कोणी अनुभवले असेल. समजा, इचलकरंजीच्या एका सूत-व्यापाऱ्याने २०१६ साली कायमचा परवाना घेतला आणि वार्षिक सेवेचे पैसे वाचविले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. व्हॅट गेला, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा दाखवावयाचा, परराज्यात माल गेला तर एकत्रित कर लावावयाचा, गिऱ्हाइकाचा पंधरा अंकी क्रमांक बिलावर घालावयाचा, आणि विवरणपत्रे सरकारला हव्या त्याच साच्यात भरावयाची, असा सारा नवा संसार सुरू झाला. पुढे ई-बीजक आले. ते १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीस लागू झाले, आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. पाचशे कोटी ऐकून जे निश्चिंत झाले होते, त्यांच्या दारात ते तीन वर्षांत येऊन उभे राहिले. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक बंधन आले. हिशेबात कोणती नोंद कधी बदलली, याचा माग सॉफ्टवेअरने आपोआप ठेवला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी कृत्रिम धाग्याच्या सुतावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

आता नुसता दर बदलणे हे काम दुकानातला चलाख पोरगाही करील. त्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु २० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेले सूत ऑक्टोबरात परत आले, तर त्याचे जमापत्र जुन्या दरानेच निघावयास हवे. जुना दर कोठे आणि नवा कोठे, हे सॉफ्टवेअरला कळले पाहिजे, आणि चुकले तर ते सांगणारा माणस फोनवर भेटला पाहिजे. ई-बीजकाचा साचा किंवा नोंदींचा माग तर कोणी पोरगा घरी बसून तयार करू शकत नाही. पूर्वी वही बाजारात मिळे आणि दिवाणजी पगारावर ठेवावा लागे. वहीला कायदा ठाऊक नसे, दिवाणजीला असे. सॉफ्टवेअर घेताना दोन्ही एकाच डब्यात मिळाली असे आपणांस वाटते. वस्तुतः त्यातला दिवाणजी अजूनही पगारीच आहे.

सेवेचे दुसरे अंग सुरक्षिततेचे. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. पुढे विंडोजच्या अनेक आवृत्त्यांतील एका धोकादायक छिद्रावरचा इलाज कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दिला आणि १२ मे रोजी त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर घुसला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी निदान ८० संस्थांचे काम विस्कटले, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. यातले विशेष असे की, तेथील बाधित यंत्रे बहुतांशी जुन्या एक्सपीची नव्हती. ज्यांना इलाज मिळू शकत होता पण लावला गेला नव्हता, अशा विंडोज सातची होती. सेवा मिळणे आणि ती वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' हा विषाणू पसरला, तो युक्रेनमधील एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुधारणेतूनच. मर्स्क ही बलाढ्य जहाज-कंपनी त्यात सापडली, आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही अडले. विक्रेत्याचे घरच उघडे असेल, तर त्याच्या औषधाच्या बाटलीतून विष येऊ शकते. म्हणून सेवा कोणाकडून घ्यावयाची, याची चौकशी मालाच्या चौकशीहून अधिक कसून करावी लागते.

सेवेला स्वतंत्र मोल आहे, याचा आम्हांस सर्वांत बोलका वाटणारा पुरावा रेड हॅट या अमेरिकन कंपनीचा. तिची लिनक्स प्रणाली मुक्त परवान्यावर उभी आहे. त्याच जातीची प्रणाली आजही कोणालाही फुकट उतरवून घेता येते. कंपनी विकत होती ते वार्षिक पाठबळ. अशा कंपनीसाठी आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले.

याचा अर्थ मागेल तो भाव द्यावा असा नव्हे. मोठ्या उद्योगांना सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या ओरॅकलचा वार्षिक सेवेचा रूढ दर परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के आहे. साडेचार वर्षांत परवान्याइतकी रक्कम सेवेपायी पुन्हा जाते. सॅप या जर्मन कंपनीने २००८ साली आपला दर १७ टक्क्यांवरून हळूहळू २२ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा गिऱ्हाइकांच्या संघटनांनी एवढा गिल्ला केला की, २०१० साली कंपनीला स्वस्त सेवेचा पर्याय पुन्हा ठेवावा लागला. जे एकट्या गिऱ्हाइकाला जमत नाही ते संघटनेला जमते. आपल्या व्यापारी संघांनी या विषयात फारसे लक्ष घातलेले आमच्या पाहण्यात नाही, घालावयास हवे.

राहता राहिला प्रश्न पारखण्याचा. विक्रेता 'सपोर्ट आहे' एवढेच सांगतो. त्या शब्दाखाली नुसती चुकांची दुरुस्ती येते, की कायद्याने होणारे बदलही येतात, हे लेखी घ्यावे. 'चार तासांत उत्तर' म्हणजे चार तासांत फोन येणे. अडचण सुटणे नव्हे, हेही ध्यानात असावे. स्थानिक माणसाकडून बिलाचा नमुना किंवा एखादा खास तक्ता बदलून घेतला असेल, तर नवी आवृत्ती चढविताना तो टिकेल का आणि न टिकल्यास कोणी दुरुस्त करावयाचा, हे दोघांनाही एकत्र बसवून विचारावे. कारण पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. मध्ये एकदोन वर्षे सेवा सोडली तर परत येताना मागची थकबाकी भरावी लागते काय, आणि सर्वस्वी सोडून जावयाचे झाल्यास आपल्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा रूपात मिळतील काय, हेही आधीच विचारलेले बरे.

आणि एक परीक्षा स्वतःच करून पाहावी. बहुतेक मासिक विवरणपत्रांची मुदत महिन्याच्या ११ आणि २० तारखेस संपते. खरेदीपूर्वी १९ तारखेच्या दुपारी विक्रेत्याच्या सेवा-क्रमांकावर एक फोन करावा. तो किती वेळाने उचलला जातो, उचलणाऱ्याला आपली भाषा आणि आपला धंदा कळतो काय, हे घड्याळ समोर ठेवून पाहावे, आणि मग भावाचे बोलणे सुरू करावे.